आमची वाटचाल: एकोणतीस परत आल्या

अॅम्प्लिफायर ऐकायचा असतो, कबूल. पण समोर ठेवला की माणूस आधी चॅसीवरून, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या पेटीवरून, बोट फिरवतो. घरी अॅम्प्लिफायर जोडणाऱ्यांच्या चॅसी रंगवायचा आमचा धंदा त्या बोटावरच उभा आहे.

सुरुवातीला आम्ही दोघे, एक धापा टाकणारा कंप्रेसर आणि १.४ मिमी नोझलची स्प्रे गन. ती गन आजही मीच धुतो, पोरांच्या हाती देत नाही. भागीदाराचा हात सुरेख. हॅमरटोनचा, म्हणजे हातोडीनं ठोकल्यासारख्या दिसणाऱ्या रंगाचा, ठिपका तो असा पाडायचा की चारही बाजू एका साच्यातून काढल्यासारख्या दिसाव्यात. घासकामाचा मात्र त्याला कंटाळा.

तोवर आम्ही लोखंडी पत्राच करत होतो. गंज काढा, प्रायमर मारा, वर रंग. मग एकदम तीस चॅसींचं काम आलं, सगळ्या अॅल्युमिनियमच्या. अॅल्युमिनियम कितीही घासा, हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. त्या थराला चावून बसणारा आम्लयुक्त एच (etch) प्रायमर आधी लागतो, नाहीतर रंग नुसता टेकलेला राहतो. मला हे ठाऊक होतं. भागीदार म्हणाला, "खाली काय आहे ते कोण बघतंय?" मुदत जवळ आली होती. मी मान डोलावली. तेवढी चूक माझी.

माल गेला, वाहवा झाली. पण ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळताना वॉशरखाली रंग पिळवटायला लागला. कडेला नख घातलं की अख्खा पापुद्रा हातात! एकोणतीस परत आल्या. पेंट रिमूव्हर, ब्रश, ४०० नंबरचा वॉटर पेपर, एच प्रायमर, मग टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून मारायचा रंग. सगळं पदरचं. दीड महिना नवं काम नाही, आणि त्याच दीड महिन्यात भागीदार वेगळा झाला. आमची गिऱ्हाइकं घेऊन त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. तिसावी चॅसी तिथे काउंटरवर दिसली. आलेल्याला तिचा पोपडा सोलून दाखवायचा, "यांचं काम बघा." त्यावरचा हॅमरटोन त्याच्याच हातचा होता, हे सांगायचं राहून जायचं.

त्या दिवसांत टिकले ते एकटे मास्तर. जुने रेडिओ दुरुस्त करणारे. व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचे, अॅम्प्लिफायर स्वतः बांधायचे. नव्या पद्धतीची पहिली चॅसी त्यांचीच. रंग किती घट्ट बसलाय ते दाखवायला मी ब्लेडनं उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारून वर टेप दाबून ओढून दाखवली. पंचवीसपैकी एकही चौकोन हलला नाही. मास्तरांनी खिशातून मल्टिमीटर काढला. एक पिन अर्थिंगच्या बोल्टला, दुसरी तळाच्या उघड्या पत्र्याला. बीप नाही. "रंग झकास आहे, म्हणूनच बोंब आहे," म्हणाले. रंग वीज जाऊ देत नाही. आत मेनची वायर सुटून पत्र्याला टेकली आणि अर्थ नीट बसलेला नसला, तर फ्यूज उडत नाही, हात लावणारा उडतो. त्यांनी तिथेच कानस मागून लगखालची, म्हणजे अर्थच्या वायरीच्या टोकाखालची, जागा घासून पांढरी केली, दातेरी वॉशर घातला. तेव्हापासून रंगण्याआधी अर्थच्या जागी टेपचा गोल तुकडा लागतोच.

पुढची वर्षं बरी गेली. पावडर कोटिंगची भट्टीही आली.

घरी रंगवणाऱ्यांनी भोकं सगळी आधी पाडावीत, बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली पत्र्याची धार, काढावी, धारेवर कानस फिरवावी. तीक्ष्ण कडेवर रंग पातळ बसतो आणि तिथूनच उडतो. पुसून झाल्यावर पाणी ओता. पाण्याची सलग चादर झाली तर पत्रा स्वच्छ, थेंब तुटले तर तेल शिल्लक. जुन्या चॅसीवरची हीटसिंक पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर जावी म्हणून लावलेला लेप, जपून काढा. सिलिकॉनचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. टू-पॅक मारलात तर हाताला कोरडा लागला म्हणून लगेच ट्रान्सफॉर्मर चढवू नका, आठवडा थांबा. कुणी थांबत नाही, ती गोष्ट वेगळी.

ती तिसावी चॅसी अजून त्या काउंटरवरच आहे म्हणतात. पाठवून द्या म्हणावं. फुकट रंगवून देतो.