अंगावर पाणी पडण्याआधी

बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही नसलेल्या किंवा फार कमी असलेल्या मुलांचे पालक प्रशिक्षणाला आले की पहिली तक्रार बहुधा अंघोळीची नाहीतर जेवणाची असते. तासगावच्या वर्गातही तेच झालं. आठ वर्षांच्या नातीला घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, “न्हाणीत न्हेली की चावतीया बगा. लई हट्टी हाय.” मुलीला जन्मजात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झालीये, जाड भिंगाचा चष्मा आहे, उजेड आणि मोठे आकार कळतात. दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष.

तिच्या जागी बसून पाहा. अंथरुणावर असताना कुणीतरी अचानक दंड धरतं, ओढत नेतं, कपडे काढतं आणि डोक्यावर पाणी ओततं. बादली भरल्याचा आवाज तिला आलेला नसतो, आजींच्या खांद्यावरचा टॉवेल दिसलेला नसतो. इतर मुलांना या गोष्टी कुणी शिकवत नाही, येता-जाता दिसून-ऐकून कळतात. हिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. म्हणून शिकवायला सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, पूर्वसूचनेपासून करायची.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व बहुविकलांगतेखाली आहे, पण आपले बहुतेक विशेष शिक्षक एकाच प्रवर्गाचं शिक्षण घेऊन आलेले असतात. अडचण तिथेच होते. कर्णबधिरांना शिकवण्याची पद्धत डोळ्यांवर उभी आहे: ओठ वाचणं, खुणा, चित्रं. अंधांना शिकवण्याची बरीचशी कानांवर. दोन्हींची बेरीज करून बधिरांध मुलाला शिकवता येत नाही, कारण दोन्हींचा आधारच इथे अपुरा आहे. हेलन केलरचं उदाहरण पालक आशेनं सांगतात. मात्र तिची दृष्टी आणि श्रवण गेलं ते एकोणीस महिन्यांची असताना, तोवर थोडे शब्द कानावर पडून गेले होते. जन्मापासूनच्या बधिरांध मुलाची वाट त्याच्याही आधीपासून सुरू होते.

बोलून हे पटत नाही, म्हणून शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून पालकांना पोहे भरवायला सांगितलं. चमचा ओठाला लागताच बहुतेकांनी मान मागे घेतली, एका सरांनी तर भरवणाऱ्याचा हातच ढकलला. आजी बघत होत्या. “मंग सर बी हट्टीच म्हणायचं,” त्या म्हणाल्या आणि तिथून पुढे त्यांनी नातीबद्दल तो शब्द वापरला नाही.

मग वस्तू ठरवली. यान फान डाइक यांनी १९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये बधिरांध मुलांसोबत काम करून जी पद्धत घडवली, तिच्यात प्रत्येक कामाला एक खूणवस्तू असते आणि ती काम सुरू होण्याच्या जरा आधी हातात येते. घरच्यांनी खेळण्यातला छोटा प्लास्टिकचा मग आणला होता. डोळस माणसाला तो मग वाटतो, तिच्या बोटांना मात्र नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. टॉवेलही चालला नसता, तो हात पुसायलाही लागतो. आजी तिचं अंग वाळलेल्या घोसाळ्याच्या घासणीनं घासतात. खरखरीत, वासाची, दुसऱ्या कशालाच न लागणारी. तीच निवडली.

शाळेमागच्या नळावर फक्त पाय धुवायचे ठरले. आजींनी आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग मनगटातला चांदीचा गोठ तिच्या बोटांना लावला: ही मी. (ही ओळखखूण रोज तीच हवी. गोठ काढून ठेवला तर माणूस बदललं असं मूल समजतं.) त्यानंतर घासणी स्वतःच्या तळव्यावर घेऊन तो तळवा तिच्या हाताखाली सरकवला. हात खालून द्यायचा, वरून पकडायचा नाही, कारण तिचे हात हेच तिचे डोळे आणि कान आहेत. वरून धरला की ते झाकले जातात. खालून दिला तर नको असेल तेव्हा तिला हात काढून घेता येतो.

तिनं काढून घेतला. एक ताई लगेच पुढे झाल्या, त्यांना थांबवलं. मनात सावकाश दहा मोजायचे, लागले तर पुन्हा दहा. स्पर्शातून अर्थ लागायला वेळ जातो आणि याच वेळी मोठी माणसं घाई करतात. थोड्या वेळानं हात परत आला. तिनं घासणी चाचपली, हुंगली, गालाला लावली आणि ती धरूनच नळापर्यंत चालत आली. पाणी आधी हाताच्या पाठीवर, मग पावलांवर. तांब्या रिकामा झाला तसं तिनं आजींचं मनगट धरून बादलीकडे ढकललं.

शेजारचे शिक्षक म्हणाले, “झटकतीये.” ती मागत होती. आजींनी लगेच दुसरा तांब्या ओतला, तिनं पुन्हा मनगट ढकललं. अशा मागणीला त्याच क्षणी उत्तर मिळालं नाही तर मूल मागणं सोडून देतं. पुढे ‘आणखी’ ही स्पर्शखूण शिकवायची ती याच ढकलण्यावर.

डोक्यावर पाणी तिनं अजून घेतलेलं नाही. घरी डोकं शेवटी, ओतण्याआधी टाळूवर दोनदा हलकी थाप, आणि झालं की घासणी दाराजवळच्या डब्यात तिच्याच हातानं टाकायची, म्हणजे ‘संपलं’. न्हाणीत स्टीलच्या बादलीची चमक तिच्या डोळ्यांना त्रास देते, तिथे गडद रंगाची प्लास्टिकची बादली हवी. श्रवणयंत्र शिट्टी मारतं म्हणून पेटीत पडून आहे. वाढत्या वयात यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, तो नव्यानं करून घ्यायचा.

आजी ऑक्टोबर छाटणीला बागेत जाऊ लागल्या की अंघोळ आई घालणार. आईचा गोठ नाही, हिरव्या बांगड्या आहेत, म्हणून तिची ओळखखूण आतापासूनच सुरू केली आहे. घासणी मात्र तीच. विशेष शिक्षकांची घरभेट शाळा सुटल्यावर असायची, ती आता सकाळी, अंघोळीच्या वेळेला ठेवली आहे.