सारब्रुकेनचे ओले मैदान आणि जर्मन चषकाचा २०२३-२४ चा हंगाम

जर्मनीच्या राष्ट्रीय बाद फेरीच्या फुटबॉल स्पर्धेचा, म्हणजे डीएफबी पोकालचा, २०२३-२४ चा हंगाम बहुतेकांच्या लक्षात राहिला तो लेव्हरकुसेनच्या लीग आणि चषक अशा दुहेरी विजेतेपदामुळे. माझ्या लेखी मात्र तो हंगाम तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या सारब्रुकेनचा होता, आणि त्याहूनही अधिक या स्पर्धेच्या एका साध्या नियमाचा. तिसऱ्या किंवा त्याखालच्या श्रेणीतल्या संघाची गाठ वरच्या दोन श्रेणींतल्या संघाशी पडली, तर अंतिम सामना वगळता सामना खालच्या संघाच्या मैदानावरच होतो. परतीचा सामना नाही, बरोबरी झाल्यास पुन्हा खेळणे नाही. जादा वेळ आणि मग पेनल्टी, एवढ्यात निकाल लागतो. बलाढ्य संघाला चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही आणि ती एकमेव संधीही परक्या मैदानावर साधावी लागते.

सारब्रुकेनने पहिल्या फेरीत दुसऱ्या श्रेणीतल्या कार्ल्सरुहेला हरवले, तेव्हा फारशी दखल कोणी घेतली नाही. दुसऱ्या फेरीत, १ नोव्हेंबर २०२३ रोजी, सुमारे १६,००० प्रेक्षकांच्या लुडविग्सपार्क मैदानावर पहिल्या श्रेणीतले बलाढ्य बायर्न म्युनिक आले. सोळाव्या मिनिटाला थॉमस म्युलरने गोल केला आणि सामना ठरल्या वाटेने जाणार असे वाटले. पण मध्यंतराच्या तोंडावर पॅट्रिक झोन्टहायमरने बरोबरी साधली. दुसऱ्या अर्धात पावसाने जड झालेल्या हिरवळीवर बायर्नचे पास एकेक हात आखूड पडू लागले. जादा वेळ आता टळत नाही असे वाटत असतानाच भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला मार्सेल गाउसने विजयी गोल केला. याच बायर्नने तीनच दिवसांनी डॉर्टमुंडला त्यांच्या घरी ४-० असे लोळवले, यावरून संघ ढासळलेला नव्हता हे उघड आहे. तो एका रात्री, एका मैदानावर हरला होता, आणि चषकाच्या स्पर्धेत तेवढे पुरते.

गंमत म्हणजे त्याच झारलांड प्रांतातल्या होमबुर्गने, तेही चौथ्या श्रेणीत खेळत असताना, पहिल्या फेरीत बुंडेसलिगातल्या, म्हणजे पहिल्या श्रेणीतल्या, डार्मश्टाटला ३-० असे आणि नंतर फ्युर्थला घरी पाठवले होते. जर्मनीतल्या सर्वांत छोट्या प्रांतांपैकी एक असलेल्या या भागाचे दोन संघ अशा रीतीने तिसऱ्या फेरीत होते. होमबुर्गची वाटचाल सेंट पाउलीने तिथे थांबवली.

सारब्रुकेनने पुढे फ्रँकफर्टला २-० असे हरवले. उपांत्यपूर्व सामना मोन्शेनग्लाडबाखशी फेब्रुवारीत व्हायचा होता, पण मैदानात इतके पाणी साचले होते की तो पुढे ढकलावा लागला आणि शेवटी १२ मार्चला खेळवला गेला. तोही पुन्हा १-१ अशा बरोबरीतून भरपाई वेळेत, काय ब्रुंकरच्या गोलवर, सारब्रुकेनने जिंकला. बुंडेसलिगातले तीन संघ त्याच गवतावर बाद झाले. हे श्रेय खेळाडूंचे की चिखलाचे, असा वाद घालणाऱ्यांशी मी सहमत नाही. मैदान दोन्ही संघांना सारखेच ओले असते. त्यावर कसे खेळायचे हे ज्याला आधी कळते त्याने जिंकावे, यात अन्याय कुठे आहे? चेंडू जमिनीवरून फिरवण्याचा हट्ट सोडून तो लांब मारणे आणि तो उसळून सुटला की त्यासाठी झुंजणे हेही एक कसबच आहे, आणि प्रशिक्षक र्‍युडिगर झील यांच्या संघाकडे ते होते.

उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर शेजारच्या प्रांतातला जुना प्रतिस्पर्धी कायझर्सलाउटर्न आला, आणि इथे पारडे फिरले. दुसऱ्या श्रेणीत खालच्या जागांवर धडपडणारा हा संघ असल्या सामन्याला घाबरणारा नव्हता. चिखल त्याला परका नव्हता आणि आपल्याला कोणी कमी लेखू नये ही ईर्षाही त्याच्यात होती. मार्लोन रिटर आणि आल्मामी टुरे यांच्या गोलांनी तो २-० असा जिंकला. कायझर्सलाउटर्नची सूत्रे फेब्रुवारीत सत्तर वर्षांच्या फ्रीडहेल्म फुंकेल यांनी हाती घेतली होती, आणि त्यांच्यासाठी बर्लिन नवे नव्हते: १९८५ पासून अंतिम सामना कायमचा बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर होऊ लागला, त्या पहिल्याच वर्षी बायर्नला हरवणाऱ्या उर्डिंगेन संघात ते स्वतः खेळले होते.

अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या संघाची, लेव्हरकुसेनची, बाजू थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यात धाकधूक फारशी नव्हती. अपवाद श्टुटगार्टविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याचा, जिथे दोनदा पिछाडीवर पडूनही योनाथान ताहच्या नव्वदाव्या मिनिटाच्या हेडरने ३-२ असा विजय मिळाला. प्रशिक्षक झाबी अलोन्सोंचा हा संघ बुंडेसलिगात एकही सामना हरला नव्हता. मात्र अंतिम सामन्याच्या तीनच दिवस आधी डब्लिनमध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत इटलीच्या अटालांटाने त्याला ३-० असे हरवून ५१ सामन्यांची अपराजित मालिका तोडली होती. त्यामुळे २५ मेच्या संध्याकाळी थोडी शंका जरूर होती. सतराव्या मिनिटाला ग्रानिट झाकाने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, मध्यंतराआधी ओडिलोन कोसुनूला दुसरे पिवळे कार्ड मिळून मैदान सोडावे लागले, आणि पूर्ण दुसरा अर्ध दहा जणांच्या संघाविरुद्ध मिळूनही कायझर्सलाउटर्नला बरोबरी साधता आली नाही. लेव्हरकुसेनने १९९३ नंतर प्रथमच हा चषक उचलला. दहा जणांनिशी एका गोलची आघाडी सांभाळणारा तो संघ मला त्याच्या मोठ्या फरकाच्या विजयांपेक्षा अधिक आवडला. पण हाच सामना लुडविग्सपार्कवर, पावसात झाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.