वाख तुटला की सुटला?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि पहिल्यांदा आठवला तो सरांच्या घरचा पितळी सोऱ्या.

आठवीत होतो. आपल्याकडं सगळी घरं माळवदाची, मातीत भुसा कालवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "पण कशापायी कालवतात रे?" सरांनी विचारलं. वर्ग गप्प. मग त्यांनी अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, पेराएवढा कातरायला लावला, पांढऱ्या मातीत मळला. अर्ध्या मातीच्या कांड्या आम्ही हातानं वळल्या, अर्ध्या तेवढ्याच जाडीच्या सोऱ्यातून दाबून काढल्या. अरुंद तोंडातून येताना वाखाचे तंतू आपोआप एका दिशेला लागले. आठ दिवस सावलीत वाळवल्यावर दोन विटांवर कांडी, मधोमध डबा टांगलेला, डब्यात वाळू. हातची कांडी लवकर मोडली. सोऱ्याची कितीतरी वाळू पेलून तडकली, तरी लोंबकळत राहिली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी तडकलेली बाजू डोळ्यांपुढं धरली. "टाळ्या राहू द्या. वाख तुटला की सुटला, ते बघा." तंतू अख्खे होते, मातीत नुसती भोकं. "आखूड पडला लेकरांनो. मातीला धरायला पुरला नाही."

आज वाळूजला काचतंतू घातलेल्या नायलॉनचे भाग बनवतो. तेच गणित ॲंथनी केली आणि टायसन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तंतूची ताकद गुणिले जाडी, भागिले तंतूवरच्या प्लास्टिकच्या पकडीची दुप्पट. लांबी त्याहून कमी असेल तर तंतू तुटण्याआधीच निसटतो. १० मायक्रॉन जाडी, २००० मेगापास्कल ताकद आणि ३० मेगापास्कलची पकड धरली, तर ही लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा येते. नायलॉन वितळवून साच्यात दाबणाऱ्या मशीनच्या स्क्रूमध्ये तंतूंचा चुरा होऊन ते साधारण तेवढेच उरतात! म्हणून काचेवर सिलेन या रसायनाचा लेप हवा, पकड वाढवायला. साच्यात पृष्ठभागाजवळचे तंतू प्रवाहाच्या दिशेनं लागतात, मधले बरेचसे आडवे. एकदा आमचा एक भाग सारखा मोडायचा. मी साच्याचं तोंड बदलायला लावलं, तंतू ताणाच्या दिशेला आले आणि तक्रार थांबली. त्या दिवशी सरांना सांगावंसं फार वाटलं. पण सर राहिले नव्हते.

ती लोंबकळलेली कांडी सरांनी चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली होती. माळवदी वर्ग पाडून स्लॅब टाकला तेव्हा ते कपाट कुठं गेलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. न्यायला मी स्वतः येईन.