ताडपत्रीपासून चाकावरच्या घरापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या दुकानाचं पहिलं काम ताडपत्रीचं. नागपूरला अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती आहे. तिथे टिनाच्या एका शेडात बाबांनी जाड शिलाईची मशीन टाकली आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या. हिवाळ्यात संत्र्याच्या पेट्या आणि कापसाच्या गाठी, मृगाच्या तोंडावर कळमन्याच्या बाजारात धान्य आणणारे शेतकरी, सगळ्यांनाच झाकण हवं असायचं. ताडपत्री गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी बाबा ती बांबूंवर ताणून बांधायचे आणि स्वतः खाली उभे राहायचे. वरून बादलीने पाणी ओतायचं काम माझं. अंगावर एक थेंब जरी पडला तरी तो जोड उसवून पुन्हा शिवला जायचा. पुढे मांडवाच्या कनाती आल्या, बिछायत केंद्रांच्या ऑर्डरी आल्या आणि एका मशीनच्या चार झाल्या.

२०२० साली लग्नं थांबली आणि त्या चारही मशीन झाकून ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर शहरातलं एक डॉक्टर कुटुंब आमच्याकडे आलं. मागे मालवाहू गाडीवर दुसऱ्या शहरातून आणलेला एक जुना पॉप-अप कॅम्पर होता, म्हणजे सहलीला गाडीमागे ओढून न्यायची, मिटणारी झोपायची खोली. बंद असताना तो चार फुटी पेटीसारखा दिसतो. हँडल फिरवलं की चार कोपऱ्यांतले खांब छताला वर उचलतात, दोन्ही टोकांकडून पलंग बाहेर सरकतात आणि मधली जागा कापडाच्या भिंतींनी बंद होते. आमचे कारागीर चाचा तीस वर्षं कनाती शिवत आलेले. ते दोनदा फेरी मारून म्हणाले, "बाप्पा! हे तं पालच हाय, चाकावरचं."

छत वर घेतलं तेव्हा तीन कोपरे उचलले गेले, चौथा जागीच राहिला. आतून कुबट वास आला. कापडावर बुरशीचे काळे ठिपके होते आणि दाराजवळची प्लायवुडची जमीन टाचेखाली दबत होती. डॉक्टरांनी फोटो पाहून, बंद अवस्थेतच तो विकत घेतला होता. त्यांची दोन मुलं तेव्हा बाजूला उभी होती. सकाळपासून उशा काखेत धरून आली होती बिचारी. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेलो नाही. "पहिला कॅम्पर कोणता घ्यावा" असं कुणी विचारलं की माझं पहिलं उत्तर तेच असतं: जो तुमच्यासमोर पूर्ण उघडला आणि पूर्ण मिटला, त्याच्याबद्दलच बोलू.

तो कॅम्पर आम्ही खिळान् खिळा सोडवला. जमीन नवी घातली. छत उचलणाऱ्या तारेचा एक पदर पुलीत अडकून तुटला होता, ती तार बदलली. कापडाचं काम तर आमच्या हातचंच, असं मला वाटलं आणि तिथेच मी चुकलो. ट्रकला लागते तशी प्लास्टिकचा लेप असलेली ताडपत्री मी शिवून बसवली. पाण्याची बादली ओतली, आत एक थेंब नाही. मग थंडीत आम्ही चौघं एक रात्र शेडबाहेर त्यातच झोपलो. पहाटे उठलो तर गाद्यांच्या कडा ओल्या आणि छताखाली थेंब लोंबकळलेले. बाहेरचं पाणी आत आलंच नव्हतं. आमच्याच श्वासातली वाफ थंड कापडावर जमून खाली उतरली होती. लेपाच्या कापडातून हवा जात नाही. मालावर ते चालतं, पण माणसांच्या भिंतींना जाड सुती किंवा सूत-पॉलिस्टर मिश्र कॅनव्हास लागतो आणि वरची खिडकी रात्री थोडी उघडी ठेवावी लागते. ती सगळी ताडपत्री आम्ही आमच्या खर्चाने काढली आणि कॅनव्हास आणला.

नव्या कॅनव्हासवर पाणी मारलं तर प्रत्येक सुईच्या भोकातून ठिबक सुरू. चाचा उसवायलाच निघाले होते. बाबांनी थांबवलं. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेले जुने तंबू त्यांनी तरुणपणी दुरुस्त केले होते. "वाळू द्या, मग पुन्हा भिजवा," एवढंच म्हणाले. सुती धागा भिजला की फुगतो आणि भोकं आपसूक बुजतात. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा बादलीखाली उभे राहिले, कोरडेच. नवा कॅम्पर घेणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, पहिल्या सहलीआधी अंगणात पाइपने दोनतीनदा भिजवा आणि दरवेळी पूर्ण वाळवा. साबणाच्या पावडरीने कॅनव्हास कधीही धुऊ नका, त्याचं पाणी अडवणारं औषध निघून जातं. आणि ओला कॅम्पर घडी करून आणावाच लागला, तर घरी पोचल्यावर दुसरा दिवस उजाडू न देता उघडा. काळे ठिपके एकदा बसले की जात नाहीत.

डॉक्टरांचा कॅम्पर गेला, त्यांच्या ओळखीने आणखी दोन दुरुस्तीला आले, आणि बायको म्हणाली, आता आपल्याही पोट्ट्यांना घेऊन जाऊ. आम्ही एक लहान, आठ फुटी, वापरलेला कॅम्पर घेतला आणि पहिल्यांदा रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे निघालो. कन्हानचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा मिळाला, गाडीने वेग घेतला आणि कॅम्पर मागे साप वळवळावा तसा डोलायला लागला. मी ब्रेकवर पाय दाबला नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसं डोलणं थांबलं. रस्त्याकडेला उभे राहिलो तेव्हा बायकोचा हात थरथरत होता. माझाही.

बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, पाण्याच्या कॅन कुठे ठेवल्या? सगळ्या मागच्या टोकाला होत्या. "मग बंडी उलार झाली ना," बाबा म्हणाले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बंडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांचा ताबा सुटतो. ट्रेलरचंही तसंच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकावर यावा, असं अमेरिकेत मानतात. युरोपातले हलके ट्रेलर त्याहून कमी भारावर चालतात. पण भार मागे गेला तर कुठलाही ट्रेलर डोलतो. त्या दिवशी कॅन काढून चाकाच्या आसाच्या थोड्या पुढे ठेवल्या आणि खिंडसीपर्यंत तो कॅम्पर निमूट मागे आला.

तेव्हापासून आमच्याकडे वजनाचा हट्ट आहे. माहितीपत्रकावर असतं ते रिकामं वजन. त्यात गाद्या, पाणी, सिलिंडर, भांडी, बॅटरी, मुलांच्या सायकली काहीच नसतं. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सामान भरून धरमकाट्यावर नेतो. वाडीत धरमकाट्यांची कमतरता नाही. तिथे ६०० किलो भरलं, तर दुकानातल्या लहान काट्यावर पुढचा दांडा टेकवून पाहतो, ६० ते ९० किलो यायला हवं. मग गाडीची पुस्तिका उघडायची. किती ओझं ओढायचं याचा आकडा त्यात दिलेला असेल, तर भरलेला कॅम्पर त्याच्या बराच आत बसला पाहिजे. आकडाच नसेल, किंवा ओढू नये असं लिहिलं असेल, तर आम्ही त्या गाडीला हुक लावत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं नाराज होऊन परत गेली आहेत, आणि तरीही आम्ही लावत नाही. अमेरिकेतल्या अनेक पॉप-अपचं रिकामं वजनच ७०० किलोंच्या वर असतं. तिथल्या ट्रकसारख्या गाड्यांना ते जमतं. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, त्यामुळे तिकडे हलक्या कॅम्परची वेगळी परंपरा आहे. नागपूरच्या चौघांच्या कुटुंबाने पहिल्यांदा त्या हलक्या वाटेनेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आत स्वयंपाकाचा ओटा, सिंक, फ्रीज पाहून मन भुलतं. पण थंडीच्या दोन महिन्यांत चार सहली करणाऱ्या घराला आधी कोरडी झोप हवी असते, ओटा नंतर.

कागदांचंही तेवढंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. गावातल्या वेल्डरकडून चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जोडून घ्यायचा मोह होतो, आम्हालाही झाला होता. पण चासी आम्ही मान्यता असलेल्या उत्पादकाकडूनच घेतो. आमचं काम त्यावरचं कापड, पलंग आणि दुरुस्ती.

वापरलेला कॅम्पर घेणार असाल तर बूट काढून आत फिरा. जमीन कुठे मऊ लागते ते तळव्याला लगेच कळतं, विशेषतः दाराशी आणि कोपऱ्यांत. नाकावर विश्वास ठेवा, कुबट वास अत्तराने झाकलेला असला तरी गादीखाली सापडतो. छत वर जाताना चारही कोपरे एकसारखे उचलले जातात का ते लांबून पाहा, आणि आधार लावल्याशिवाय छताखाली डोकं घालू नका. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ट्रेलर महिनोन् महिने उभा असतो, नक्षी नवी दिसते पण रबर उन्हाने चिरलेलं असतं. वीस-तीस किलोमीटर ओढून आणल्यावर चाकाच्या मध्याजवळ हात न्या. एका चाकाचा हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवं.

आपल्या हवामानाचं मात्र कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कापडाच्या खोलीत दुपारी बसणं शक्य नाही, म्हणून आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेल्या वर्षात कॅम्पर पोर्चमध्ये सावलीत उभा राहतो. पेटीसारखा मिटतो म्हणूनच तो आपल्या घरांत मावतो, ही पॉप-अपची मोठी सोय आहे. सावली नसेल तर झाकण घाला, कारण आपलं ऊन पावसापेक्षा जास्त कापड खातं. उंदरांसाठी दर महिन्याला एकदा उघडून पाहा.

एक गोष्ट मी प्रत्येक आईवडिलांना हात जोडून सांगतो. डिसेंबरात रात्री गारठा असतो, आणि ऊब यावी म्हणून निखाऱ्याची शेगडी आत घेतली जाते. कधीही घेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. गॅसचा स्वयंपाकही बाहेर, उघड्यावर. थंडीसाठी रजई आहे.

आणि जंगल. नागपूरला पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा सगळं जवळ आहे, त्यामुळे "वाघाच्या जंगलात कॅम्पर लावू" असं लोक हौसेने म्हणतात. कापडाची भिंत डास अडवते, बिबट्या नाही. कॅम्पर कुंपण असलेल्या जागेत, मालकाच्या परवानगीने, जिथे रात्री माणसं असतात तिथेच लावा. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हळूहळू तशा जागा वाढाव्यात, अशी आमच्यासारख्यांची फार इच्छा आहे.

अमेरिकेत जेको नावाची कंपनी १९६८ साली लॉईड बॉन्ट्रॅजर आणि बर्था या नवराबायकोने इंडियानातल्या स्वतःच्या शेतावर सुरू केली. छत उचलण्याची युक्ती लॉईड यांची, आणि कारखाना म्हणजे कोंबड्यांची खुराडी. हे वाचलं त्या दिवशी मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी आमच्या टिनाच्या शेडाकडे एकदा पाहिलं आणि चाचांना चहा सांगितला.

जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्याच हिवाळ्यात आम्ही सिल्लारीकडच्या एका गावात, एका घराच्या कुंपणाच्या आत कॅम्पर लावला. बाबाही आले होते. रात्री त्यांनी पलंगाजवळची जाळीची खिडकी उघडायला लावली आणि बराच वेळ आडवे पडून आकाश पाहत राहिले. सकाळी उठल्यावर त्यांनी आधी छताखालून हात फिरवला. कोरडं होतं.

आज आमच्याकडे सहा माणसं काम करतात, ताडपत्रीचं काम अजूनही चालतं, आणि शेडामागच्या मोकळ्या जागेत दोन कॅम्पर कायम उघडून पाहण्यासाठी ठेवले आहेत. रविवारी सकाळी कुटुंबं येतात. हँडल आम्ही फिरवत नाही, त्यांनाच फिरवायला लावतो. पलंग त्यांनीच ओढायचे, कोपऱ्यांचे जॅक त्यांनीच टेकवायचे, मग सगळं मिटवून कुलूप लावायचं. पहिल्यांदा तासभर लागतो. दोन चकरा झाल्या तरी जमत नसेल, तर त्याहून लहान कॅम्पर दाखवतो. विकत घेण्याची घाई आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका. फक्त येताना जे त्यात झोपणार ते सगळे या. घरात आजी असेल तर तिला नक्की आणा, पायरीची आणि पलंगाची उंची तिनेच बघायची आहे.