शाईने उतरवलेला रेम्ब्रांट: अठराव्या शतकातली प्रत कशी तपासावी

लंडनला येणाऱ्या चित्रप्रेमींनी ब्रिटिश म्युझियममधली रेखाचित्रांची अभ्यासिका चुकवू नये. ९० क्रमांकाच्या दालनाला लागूनच आहे. वेळ आधी ठरवावी लागते, पैसे पडत नाहीत. टिपणं मात्र फक्त पेन्सिलीने.

जुन्या उस्तादांच्या आत्मचित्रांवरून अठराव्या शतकात शाईने पुष्कळ प्रती झाल्या. संग्राहकांना त्या हव्या असत आणि ताम्रपटावर कोरणाऱ्यांना नमुना म्हणून लागत. अशी प्रत समोर आली की पहिला प्रश्न एकच: ही मूळ चित्रावरून केली की छापावरून? कोरलेला पट छापला की डावं-उजवं उलटतं. शिवाय आत्मचित्र आरशात बघून काढलेलं, म्हणजे मुळातच उलटं! लंडनच्याच केनवुड हाउसमधल्या, डच चित्रकार रेम्ब्रांटच्या आत्मचित्राच्या (सुमारे १६६५) एक्स-रेमध्ये दिसतं की ब्रश आधी आरशातल्यासारखा डाव्या हातात होता. नंतर त्याने हातांची मांडणी बदलली. म्हणून प्रतीत आधी हात पाहावेत, मूळ चित्राच्या उलटे आहेत का ते; चेहरा मागाहून.

मग अभ्यासिकेतल्या कर्मचाऱ्यांना कागद तिरप्या उजेडात धरायला सांगावं. काळ्या खडूची पुसट आखणी, चौकटी किंवा टोकदार सळईने गिरवल्याच्या खाचा दिसल्या, तर मोजून केलेली नक्कल समजावी. कागद प्रकाशासमोर धरला की कागद बनवायच्या जाळीच्या उभ्या रेषा दिसतात, साधारण अडीच सेंटिमीटरच्या अंतराने. गुळगुळीत, बिनरेषांचा कागद युरोपात १७५०च्या दशकात आला, त्यामुळे तारखेचा अंदाज बांधता येतो.

शाई ओळखणं सगळ्यात रंजक. मायफळ, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक यांची शाई आधी काळी, काळाने तपकिरी. ती आम्लयुक्त असल्याने दाट रेघांपाशी कागद खाते, कधी भोकंच पडतात. काजळीची शाई काळीच राहते. पातळ केली की राखाडी छटा देते. छटा फिक्यापासून गडदाकडे चढवतात. खालचा थर ओला असताना वरचा दिला की डाग पसरतो, आणि कागदाला सरस कमी असेल तर शाई फुटते. डोळ्यातली चमक म्हणजे बहुधा कोरा सोडलेला कागद. तिथे शिसेसफेदा (शिशाचा पांढरा रंग) लावला असेल तर प्रदूषित हवेने तो काळवंडतो आणि चेहरा विचित्र दिसतो. दोष चित्रकाराचा नव्हे.

कडेला नावापुढे लॅटिन शब्द असतात: 'पिंक्सिट' म्हणजे मूळ रंगवणारा, 'डेलिनेव्हिट' म्हणजे रेखाटणारा. पण ही नावं पुढच्या मालकानेही लिहिलेली असू शकतात, म्हणून त्यांची शाई चित्राच्या शाईशी ताडून पाहावी.