नोंदवहीतला ताप

मालदीवच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर मी तीन वर्षं काढली. ओपीडीत गर्दी शुगर-बीपीचीच. बाकी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, वाचायलाही तिथे वेगळी नजर लागते. दर पाच-सहा माणसांमागे एक थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक, त्यामुळे एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, पासष्टवर उतरलेला दिसला की नवखा डॉक्टर लोहाची कमतरता समजून गोळ्या लिहून मोकळा होतो. मीही लिहिल्या आहेत.

तापाला तिथे ‘हुन्’ म्हणतात. २०१५ साली देश मलेरियामुक्त जाहीर झाला, त्यामुळे ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट म्हणजे डेंगी, हे गणित सगळ्यांचं पाठ.

पन्नाशीची बाई पाचव्या दिवशी दाखल झाली. प्लेटलेट सत्तर हजार, लिव्हरचे आकडे वाढलेले. डेंगीची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह, पाचव्या दिवशी येतेच, म्हणून मी मनाची समजूत घातली आणि सलाईन चालू ठेवलं. सातव्या दिवशी धाप लागली. एक्स-रेत दोन्ही बाजूंना धूसर. राजधानी मालेला हलवायचं ठरलं, पण समुद्र खवळलेला, स्पीडबोटवाला नको म्हणाला.

तेवढ्यात अंग पुसणारी केरळची सिस्टर बाहेर आली. ‘‘सर, डाव्या छातीखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखं काहीतरी आहे.’’

काळी, सुकी खपली, कडेला लाल. दुखत नाही, म्हणून बाई बोलल्या नाहीत. मी दोन दिवस स्टेथोस्कोप कपड्यांवरूनच लावत होतो. याला मी त्यांच्या संकोचाचा मान राखणं म्हणत होतो. खरं तर घाई होती.

स्क्रब टायफस. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, ही खपली त्याच चाव्याची खूण. अळूच्या वाफ्याभोवतीच्या झुडपांत त्या रोज वाकून काम करत. डॉक्सीसायक्लिन दिलं आणि दीड दिवसात ताप उतरला. इतकी स्वस्त गोळी!

२०१८ साली नागपुरात याचीच साथ होती. तेव्हा ‘काखा-जांघा बघितल्याशिवाय केस सांगू नका’ असं मीच ज्युनियरांवर ओरडत असे. मालदीवलाही हा आजार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण टोकाच्या अड्डू बेटांवरच्या ब्रिटिश तळावर होता, २००२ मध्ये पुन्हा उसळला, माणसं दगावली. आमच्या मासिक अहवालात मात्र शून्य.

त्या रात्री वर्षभराची नोंदवही काढली. निगेटिव्ह डेंगी, कमी प्लेटलेट, लांबलेला ताप अशी सहा नावं सापडली. निदानाच्या रकान्यात ‘व्हायरल फीव्हर’, चार ठिकाणी माझंच अक्षर. चौघं बरी होऊन घरी गेली होती. दोघांना मालेला पाठवलं होतं. त्यांच्यापुढे फक्त ‘रेफर’ लिहिलंय.