टंचाईची वाट न पाहता

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला की नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे धावते. आकडा ठळक छापलेला असला की दिवसभर जिवाला घोर. या पदार्थाला आपण इतकं बदनाम केलंय, की शरीराला तो लागतोही, याचा विसरच पडतो. मला तो आठवतो बोट कापलं की. (विचित्र सवय आहे, पण आहे.)

जखमेवर रक्त साकळतं तेव्हा प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या चिमुकल्या पेशी, आपल्या पोटातली काही प्रथिनं बाहेर सोडतात. त्यातलं एक पीडीजीएफ, म्हणजे वाढीची वर्दी देणारं प्रथिन. १९७४ मध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की साकळलेल्या रक्तातून वेगळ्या झालेल्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिनीच्या स्नायुपेशी भराभर वाढतात. प्लेटलेट्स काढून टाकल्या की रेंगाळतात.

आता एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही नवं हवं, आणि आवरणाला कोलेस्टेरॉल हवं. रक्तात ते एलडीएल नावाच्या कणांतून फिरतं; ते बाहेरून ओढून घेतो पेशीच्या पृष्ठभागावरचा एलडीएल रिसेप्टर. पीडीजीएफ स्वतः केंद्रकात जात नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतं; आत एक एन्झाइम दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी निरोप केंद्रकात पोचतो. तिथे एलडीएल रिसेप्टरच्या जनुकाच्या आरएनए-प्रती जास्त निघू लागतात. तयार झालेला रिसेप्टर एलडीएलचा कण पकडून आत बुडी मारतो, ओझं टाकतो आणि दहाएक मिनिटांत परत वर हजर.

एरवी या जनुकाची किल्ली टंचाईकडे असते. कोलेस्टेरॉल कमी पडलं की पेशीत अडकवून ठेवलेलं एसआरईबीपी-२ हे प्रथिन सुटतं, त्याचा एक तुकडा केंद्रकात जातो आणि जनुक चालू करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी यकृतात हीच टंचाई मुद्दाम निर्माण करते. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं ते कोलेस्टेरॉलच्या नियमनावरच्या कामासाठी. पण मला जास्त भावते ती वाढीची वर्दी. पाहुणे येणार कळलं की डबे रिकामे व्हायची वाट कोण बघतं?

यकृताच्या पेशींवर ऑन्कोस्टॅटिन-एम हे आणखी एक निरोप देणारं प्रथिन सोडलं, तर आत कोलेस्टेरॉल भरपूर असतानाही हेच जनुक जोमाने चालू होतं, आणि तेही एसआरईबीपीला न विचारता.